राहुलाचा पिता आणि पाचवे शील



दर रविवारी आपण विहारात जमतो. त्रिशरण होते, पंचशील होते. आपली मुले आपल्यापेक्षा खणखणीत आवाजात पंचशील म्हणतात आणि आपला ऊर भरून येतो. पाचव्या शीलाशी मात्र काहींचा आवाज खाली येतो. तो मुलांचा नव्हे, मोठ्यांचा. का येतो, हे ज्याचे त्याला ठाऊक. आज त्याच शीलाविषयी बोलायचे आहे. आणि मुलांशी नव्हे, आईबापांशी.

एका जयंतीची गोष्ट सांगतो. आमच्या गावच्या मिरवणुकीत अकरावीतला एक मुलगा झोकांड्या खाताना दिसला. माझाच विद्यार्थी. अंगात पांढराशुभ्र सदरा, कपाळाला निळी पट्टी आणि तोंडाला दारूचा वास. बापाने त्याला चारचौघांत काठीने बडवला. मुलगा मुकाट मार खात राहिला, आणि शेवटी एवढेच बोलला, "बाबा, पव्वा आणाले तं तुमीच मले पाठवता न!" बापाचा हात थांबला. मिरवणूक पुढे निघून गेली. मुलगा तीन दिवस घरी आला नाही.

तो बाप वाईट नव्हता. दिवसभर दुसऱ्याच्या कपाशीत राबणारा, मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढणारा माणूस. नुकतीच दीक्षा घेतलेला. मुलाने बिघडू नये असे त्याला मनापासून वाटत होते. मग चुकले कोठे?

आपण जुना धर्म सोडला, पण त्याची एक सवय अजून आपल्यात आहे. तेथे सारे हुकमाने चाले. वरून आज्ञा यावी, खालच्याने ती पाळावी, मोडली तर देव कोपावा. धम्मात असा कोपणारा देव नाही. पंचशीलाला आपण शिक्खापद म्हणतो, म्हणजे शिकण्याचा नियम. प्रत्येक जण स्वतःच्या तोंडाने म्हणतो की हा नियम मी ग्रहण करतो. बाप मुलाच्या वतीने शील ग्रहण करू शकत नाही आणि काठीने ते त्याच्या अंगात उतरवू शकत नाही. बापाच्या हाती दोनच गोष्टी आहेत. एक, शील स्वतः पाळणे. दुसरी, मुलाला खरे बोलता येईल असे घर ठेवणे.

शृगाल नावाच्या तरुण गृहस्थाला तथागतांनी केलेला उपदेश दीघनिकायात आहे. दारूने सहा प्रकारे हानी होते असे त्यात सांगितले आहे. धन जाते, भांडणे वाढतात, रोग जडतात, नाव खराब होते, लाज सुटते आणि बुद्धी दुबळी होते. यातली एकही गोष्ट परलोकातली नाही. सगळ्या आपल्या मोहल्ल्यात डोळ्यांनी दिसतात. आजचे डॉक्टरही सांगतात की विशीच्या मध्यापर्यंत मेंदूची घडण चालूच असते, आणि जो लहान वयात पिऊ लागतो त्याला व्यसन जडण्याचा धोका अधिक. ज्या बुद्धीच्या बळावर आपली पोरे पुढे जायची, तीच पहिल्यांदा कमजोर होणार असेल तर आपल्याजवळ उरले काय? आपल्याला ना जमीन, ना दुकान.

त्याच उपदेशात आईबापांची पाच कर्तव्ये आहेत. मुलाला पापापासून परावृत्त करणे, चांगल्या मार्गाला लावणे, विद्या-कला शिकवणे, योग्य जोडीदार पाहून लग्न करून देणे आणि वेळेवर वारसा सोपवणे. काठी यातले पहिले कर्तव्य जेमतेम अर्धे करते, तेही एका दिवसापुरते. दुसरे तिच्याने होतच नाही.

आता मुलाला पहिला घोट कोण पाजतो? विनयपिटकात सागत भिक्खूची कथा आहे. मोठा ऋद्धिमान भिक्खू, भयंकर नागाला नमवणारा. कोसंबीच्या उपासकांनी त्याच्या सन्मानासाठी घरोघर दारू तयार ठेवली. प्रत्येक घरी थोडी थोडी घेत तो निघाला आणि नगराच्या वेशीशी कोसळला. भिक्खूंनी त्याला उचलून आणले, तर तो तथागतांकडे पाय करून झोपला. तेव्हा तथागतांनी विचारले, हा सागत आता पाण्यातल्या साध्या सापाशी तरी झुंजू शकेल काय? त्यानंतर भिक्खूंसाठी मद्यपानाचा नियम झाला.

ध्यानात घ्या, सागताला पाजणारे त्याचे शत्रू नव्हते. ते प्रेमाने पाजत होते. आपल्या मुलांचेही असेच होते. वरातीत मामा पाजतो, पोळ्याला चुलतभाऊ पाजतो. मुलगा शिकायला यवतमाळ, अमरावती, नागपूरला जातो आणि खोलीवर मित्राच्या वाढदिवसाला मित्रच प्याला पुढे करतो. नाही म्हटले तर हसतात, खेडवळ म्हणतात. म्हणून "पिऊ नको" एवढे सांगून भागत नाही. चौघांत हसतमुखाने नाही कसे म्हणावे, हे घरीच शिकवावे लागते. "मला नको, मी घेत नाही," एवढे तीन वेळा म्हणण्याचे बळ ज्याच्यात आले, तो पुष्कळ वाचला.

आणि तरीही कधी पाय घसरला तर? येथे राहुलाची आठवण करा. आपल्या वस्तीत राहुल म्हणून हाक मारली तर चौघे ओ देतात, इतके ते नाव आपण प्रेमाने ठेवले. पण राहुलाशी त्याचे पिता कसे बोलले, हे किती जणांना ठाऊक आहे? अंबलट्ठिकेला राहुलाने पाय धुण्यास पाणी आणले. तथागतांनी भांड्यात थोडे पाणी ठेवले आणि म्हणाले, जाणूनबुजून खोटे बोलायला ज्याला लाज नाही, त्याचे श्रमणपण या पाण्याएवढेच थोडे. मग ते पाणी फेकले, भांडे उपडे केले, रिकामे दाखवले. नंतर विचारले, आरसा कशासाठी असतो? आणि सांगितले की आरशात पाहावे तसे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पाहावे; त्याने स्वतःची की दुसऱ्याची हानी होते, ते तपासावे. चूक झाली असेल तर ती शहाण्या माणसाजवळ उघड करावी आणि पुढे जपावे.

पाहा, आरंभ खोट्यापासून केला आहे. दारूचा पहिला सोबती खोटेपणाच होय. मुलगा मार चुकवायला खोटे बोलतो, ते खोटे झाकायला पुन्हा पितो. ज्या घरात चूक सांगितली की काठी मिळते, त्या घरात चूक सांगणार कोण?

म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो. मुलाच्या हातून दारू कधीही मागवू नका. महाराष्ट्रात २१ वर्षांखालच्याला बीअरदेखील आणि २५ वर्षांखालच्याला कडक दारू देणे कायद्याने मना आहे. म्हणजे पव्वा आणायला पोराला धाडणारा बाप शील मोडतो आणि कायदाही मोडायला लावतो. लग्नात, नामकरणात, जयंतीत दारू नको हे पंचांनी आधीच ठरवावे. मुलगा पिऊन आला तर त्या रात्री वाद घालू नका. त्याला कुशीवर निजवा, लक्ष ठेवा. हाकेला ओ देत नसेल तर तडक दवाखान्यात न्या. दुसऱ्या दिवशी, नशा उतरल्यावर, एकटे बसवून विचारा: केव्हापासून, कोणाबरोबर, कशासाठी? आणि उत्तर पुरते ऐका. कोणी परीक्षेच्या भीतीने पितो, कोणी कॉलेजातल्या अपमानाने. रोजची सवय जडली असेल तर डॉक्टरांकडे न्या. जुने पिणे एकाएकी बंद केल्याने झटकेही येऊ शकतात. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा क्रमांक आहे.

कोणी म्हणेल, गुरुजी, बाबासाहेबांनी तर १९२७ साली महाडला स्त्रियांना सांगितले होते की नवरा-मुलगा दारुडा असेल तर त्याला जेवू घालू नका. खरे आहे. व्यसनाला आपल्या हातून एक पैचाही आधार मिळू नये, हा त्याचा अर्थ मी घेतो. पैसे देऊ नका, पांघरूण घालू नका. पण पहिल्यांदा घसरलेल्या सोळा वर्षांच्या पोराला आधी राहुलासारखे जवळ बसवा.

दारूबंदी हवी, यात शंका नाही. आपल्या जिल्ह्यातल्या आयाबहिणी त्यासाठी रस्त्यावर आल्या आहेत. परंतु शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली दारूबंदी आली आणि २०२१ साली उठली. त्याच २०२१ च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत दुकाने बंद असताना, आपल्या वणीत सात माणसे दारूऐवजी सॅनिटायझर पिऊन मेली. दुकानाला कुलूप लागले, तरी तलफ घरातच होती. कायदा सरकारच्या हाती आहे. शील आपल्या हाती आहे.

शेवटी घरचेच सांगतो. माझे वडील सालगडी. दीक्षेत त्यांनी दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली, पण दारू एका दिवसात सुटली नाही. मी दहावीत असताना एका सकाळी त्यांनी मला ओट्यावर बसवले आणि खाली पाहत म्हणाले, "बाबू, म्या शील घेतलं अन् मोडलं. आज पुन्हा घेतो. तू पाहत राय." त्यांनी मला पिऊ नको असे कधी सांगितले नाही. पुढे एकदोनदा तेही घसरले, आणि दोन्ही वेळा त्यांनी स्वतःच मला सांगितले. मग सुटली ती सुटलीच. नागपूरच्या वसतिगृहात माझ्यापुढे पहिला प्याला आला, तेव्हा मला त्या ओट्यावरची खाली गेलेली मान आठवली. मी प्याला परत केला.

नव्याने धम्मात आलेल्या बांधवांनो, आपले शील कधी मोडले असेल तर लाजून विहार सोडू नका. मुलाजवळ बसा, खरे सांगा, आणि येत्या रविवारी त्याच्या शेजारी उभे राहून पाचवे शील त्याच्याइतक्याच मोठ्या आवाजात पुन्हा ग्रहण करा.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम.