जांभ्याच्या कड्यापुढे मिल आणि ह्यूएल

बिदरचे पठार वरून तांबडे आणि पोटात काळे आहे. वर जांभा, खाली दख्खनचा काळा पाषाण. किल्ल्याचा तिहेरी खंदक याच जांभ्यात खोदलेला. नरसिंह झरणीच्या ज्या भुयारातून भाविक छातीइतक्या पाण्यात चालत देवापर्यंत जातात तेही जांभ्यातच, आणि नानक झिऱ्याचे पाणीही याच दगडातून पाझरते. शहराच्या नैऋत्येला दहा-अकरा किलोमीटरवर कमठाण्याला मात्र तिसरा रंग भेटतो, पांढरा. तिथल्या शिवारात केओलिनचे, म्हणजे चिनी मातीचे साठे आहेत. या मातीचे सुके ढेकूळ जिभेला लावले तर चिकटून बसते, बोटांवर पांढरी पूड सोडते, आणि तिचा त्या तांबड्या दगडाशी काही संबंध असेल असे बघणाऱ्याच्या मनातही येत नाही.

हे तीन रंग एकाच पठारात कसे आले, हा प्रश्न एकोणिसावे शतकभर भूशास्त्रज्ञांत धुमसत राहिला. त्याच शतकात इंग्लंडात दोन माणसे वेगळ्याच मुद्द्यावर भांडत होती: निरीक्षणापासून नियमापर्यंत माणूस पोचतो तो कोणत्या वाटेने? हा वाद तर्कशास्त्राच्या वर्गात ग्रहगोलांच्या उदाहरणांवर शिकवतात. मला तो बिदरच्या दगडावर घासून पाहायचा आहे. ग्रहांचे उदाहरण फार स्वच्छ आहे, तिथे आकडे तयार मिळतात. इथे मोजायचे काय, हेच आधी ठाऊक नव्हते.

जॉन स्टुअर्ट मिल आपल्याकडे ओळखला जातो तो स्वातंत्र्य आणि स्त्रियांची पराधीनता या विषयांमुळे. आगरकरांच्या पिढीवर त्याचा ठसा उमटला तोही मुख्यतः याच अंगाने. त्याचा १८४३ चा तर्कशास्त्रावरचा ग्रंथ मात्र हळूहळू परीक्षेपुरता उरला. तो लिहीत असताना मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता. १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे त्याने तिथे काढली, आणि देशी संस्थानांसंबंधीच्या खलित्यांचे मसुदे करणे हे त्याचे मोठे काम होते. बिदर तेव्हा निजामाच्या राज्यात. मिल हिंदुस्थानात कधी आला नाही. दूरच्या मुलखातून आलेल्या नोंदी वाचायच्या आणि त्यांवरून निर्णय द्यायचा, हा त्याचा रोजचा धंदा. नोंदी पुरेशा असल्या की निष्कर्ष आपोआप निघतो हा त्याचा विश्वास तिथेच पक्का झाला असेल का? हा माझा टोमणा समजावा, पुरावा नव्हे.

विल्यम ह्यूएल केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा प्रमुख, त्याआधी काही वर्षे खनिजशास्त्राचा प्राध्यापक. त्याने १८३७ मध्ये विगामी विज्ञानांचा इतिहास लिहिला आणि १८४० मध्ये त्यांचे तत्त्वज्ञान. मिलचे विगमनावरचे, म्हणजे निरीक्षणांवरून नियम काढण्यावरचे, अडलेले लिखाण पुढे सरकले ते ह्यूएलचा इतिहास वाचून, आणि हे मिलने आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे. ज्याच्या घरचे धान्य त्याच्याशीच भांडण. मुद्दा केप्लरचा होता. मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार आहे हे केप्लरने काढले. मिलच्या मते हे निव्वळ वर्णन झाले. खलाशी जमिनीच्या कडेकडेने पूर्ण फेरी मारतो आणि म्हणतो की हे बेट आहे, तसेच. ह्यूएलचे म्हणणे, लंबवर्तुळ त्या निरीक्षणांत कुठेही नव्हते, केप्लरने ते मनातून आणले आणि विखुरलेल्या स्थानांवर बसवले. कल्पना बाहेरून आल्याशिवाय वस्तुस्थिती एकत्र बांधली जात नाही. १८४९ मध्ये त्याने मिलला स्वतंत्र पुस्तिकेतून उत्तर दिले. त्यातला सर्वांत बोचरा आक्षेप असा की कारण शोधण्याच्या मिलच्या पद्धती लागू करायच्या तर घटना आधी नीट सुट्या करून मांडलेल्या हव्यात, आणि खरी अवघड गोष्ट तर तीच आहे.

आता दगडाकडे येऊ. फ्रान्सिस बुकॅनन मलबारातून फिरला, आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तात त्याने या दगडाला लॅटराइट हे नाव दिले. खाणीतून काढताना मऊ, हत्याराने सहज चिरे पाडता येतात. उघड्यावर राहिला की विटेसारखा टणक. यानंतर कॅप्टन टी. जे. न्यूबोल्डसारखे लष्करी अधिकारी, कंपनीचे डॉक्टर, मिशनरी, ज्याला त्याला जांभा दिसू लागला. न्यूबोल्डने बिदरच्या जांभ्याचेही वर्णन केले आहे. (१८५० मध्ये तो वारला महाबळेश्वरी, म्हणजे पुन्हा जांभ्याच्याच माथ्यावर.) उपपत्तींची तर रेलचेल झाली. कुणी म्हणे हा ज्वालामुखीचा प्रताप, कुणी म्हणे पाण्याने आणून टाकलेला गाळ, आणि कुणी म्हणे खालचाच दगड जागच्या जागी कुजून झालेला. तिन्ही पक्षांचे लोक डोळस होते, तिघांनी कडे पाहिले होते, तिघांच्या हातात तेच तुकडे होते.

एखाद्या खोल विहिरीची कड निरखून पाहिली तर गोंधळ का झाला ते कळते. वर गडद तांबडा, भोकाभोकांचा दगड. भोकांत पिवळट माती भरलेली. खाली उतरावे तसा तांबडेपणा ठिपक्याठिपक्यांत तुटतो, मग फिकट, मऊ, साबणासारखी गुळगुळीत माती लागते, आणि तिच्याखाली काळा पाषाण. वरचा आणि खालचा दगड शेजारी ठेवले तर ते एकाच वंशातले वाटत नाहीत. पण मधल्या फिकट मातीत काळजीपूर्वक पाहिले तर बेसाल्टचे गोल गोटे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटतात ती जुनी रचना अजून उमटलेली सापडते. दगड गेला, त्याचा नकाशा राहिला. वाहून आलेल्या गाळात असा नकाशा टिकणार नाही. ही खूण डोळ्यांपुढे सतत होती. तिला पुरावा मानायला मात्र जागच्या जागी कुजणारा दगड ही कल्पना आधी डोक्यात असावी लागते. इथे ह्यूएलचे पारडे जड आहे असे मला ठामपणे वाटते.

मिलला न्याय द्यायचा तर त्याच्या पद्धती प्रामाणिकपणे लावून पाहू. अन्वय: मलबारात जांभा पट्टिताश्मासारख्या वेगळ्याच खडकांवर आहे, बिदरला बेसाल्टवर, तेव्हा अमुक खडक हे कारण असू शकत नाही, दोन्हीकडे समान असलेले काहीतरी शोधा. धो धो पाऊस आणि उष्णता हे उत्तर सुचते. व्यतिरेक: बिदरचे पठार उतरून भालकी-औरादकडे जा, रान काळेभोर होते. पाषाण तोच, पाऊस जवळजवळ तेवढाच, आणि जांभा नाही. मग फरक कशाचा? मिलचा नियम सांगतो की दोन ठिकाणी एकच परिस्थिती वेगळी असेल तर तेच कारण. वेगळी परिस्थिती इथे आहे काळ. पठाराचा सपाट माथा हा फार जुन्या भूपृष्ठाचा उरलेला तुकडा आहे, तर दऱ्याखोऱ्यांत तो माथा झिजून जाऊन ताजा बेसाल्ट उघडा पडला आहे. पण काळ हा काही परिस्थितीच्या यादीत लिहिता येईल असा रकाना नसतो. कोट्यवधी वर्षांची कल्पना ज्याला नाही त्याच्या यादीत तो येणारच नाही, आणि मग व्यतिरेकपद्धती मुकाट्याने चुकीचे उत्तर देईल.

लायलने १८३० पासून भूशास्त्राला घालून दिलेली शिस्त अशी की आज चालू असलेल्या कारणांनीच भूतकाळ उलगडा. हर्शेलनेही त्याच सुमारास खऱ्या, अन्यत्र सिद्ध झालेल्या कारणांचाच आग्रह धरला. उत्तम शिस्त, पण आज बिदरला जो पाऊस पडतो त्याने असा जांभा घडत नाही. कारण खरे आहे, ते आज इथे मात्र कामावर नाही. हवामान बदलले, आणि खंडच सरकत सरकत विषुववृत्ताच्या ओल्या पट्ट्यातून पुढे आला, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

गाळाची उपपत्ती मांडणारे अगदीच वेडे नव्हते. मद्रासजवळच्या पल्लावरमला १८६३ साली रॉबर्ट ब्रूस फूटला आदिमानवाचे दगडी हत्यार सापडले ते जांभ्याच्या खडीतच. किनाऱ्यालगतचा बराच जांभा खरोखरच वाहून आलेला आहे. ब्लॅनफर्डने पुढे उंचावरचा आणि सखल भागातला असे जांभ्याचे दोन वर्ग केले तेव्हा कुठे भांडण थोडे निवळले. नैयायिकांना या चुकीचे नाव पूर्वीपासून माहीत होते: उपाधी. जिथे अग्नी तिथे धूर असे म्हणता येत नाही, कारण ओले सरपण ही अट मध्ये लपलेली असते. जांभा म्हणजे गाळ या व्याप्तीतही किनारा नावाची उपाधी लपली होती. बनारसला बॅलंटाइनच्या संस्कृत कॉलेजात १८५२ मध्ये विठ्ठलशास्त्र्यांनी बेकनचे विगमनशास्त्र संस्कृतात आणले, म्हणजे दोन परंपरांची गाठ पडली होती. पण पंडितांनी ती पुस्तकातल्या उदाहरणांवर घातली, आणि भूशास्त्रज्ञ न्याय वाचत नव्हते.

या सगळ्याच्या चारशे वर्षे आधी, बहमनी काळात, नौबादची सुरंग बावी खोदली गेली. जमिनीखालून किलोमीटर-दोन किलोमीटर जाणारा बोगदा आणि ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी. सच्छिद्र जांभ्यातून पाणी खाली झिरपते आणि घट्ट थराशी आले की अडते. त्या सांध्याला धरून खोदत गेले की पाणी मिळते. खोदणाऱ्यांना हे अनुभवाने पक्के ठाऊक होते. आपल्याकडे अशा वेळी छाती फुगवून म्हणायची पद्धत आहे की आमच्या पूर्वजांना विज्ञान येत होते. मला त्या कारागिरांबद्दल अपार आदर आहे, तरीही हे म्हणणे पटत नाही. त्यांचा नियम पाणी कुठे आहे ते सांगत होता. कमठाण्याची माती पांढरी का, याबद्दल त्याला काही सांगायचे नव्हते.

आणि ह्यूएलची सर्वांत मोलाची कसोटी नेमकी इथे लागते. एखादी उपपत्ती ज्या घटनेसाठी रचली तिच्यापलीकडच्या, वेगळ्या जातीच्या घटनाही ती उलगडू लागली, तर ती खरी असण्याचा संभव फार वाढतो. दगड जागच्या जागी कुजला असे धरा. पावसाच्या पाण्याने सिलिका आणि क्षार विरघळवून नेले. लोह वर साठून गंजले, म्हणून तांबडे. लोह जिथून निघून गेले तिथे अ‍ॅल्युमिनियमची फिकट माती उरली. कमठाण्याची पांढरी माती त्याच घराण्यातली. तीच माती पाणी अडवते, म्हणून झरे आणि सुरंग बावी. कमठाण्याच्या आसपास बॉक्साइटी मातीही सापडते, तीही याच हिशेबात बसते. १८९८ मध्ये माक्स बाउअरने सेशेल्स बेटांवरचे नमुने तपासून दाखवले की जांभ्यातले अ‍ॅल्युमिनियम बॉक्साइटसारख्या हायड्रॉक्साइडच्या रूपात आहे, तेव्हा सिलिका वाहून गेल्याची गोष्ट रसायनशाळेतूनही पक्की झाली. सेशेल्सचा दगड तपासणाऱ्याला बिदरच्या झऱ्यांशी काही देणेघेणे नव्हते. म्हणूनच त्याच्या साक्षीला वजन.

मिल या कसोटीवर कधीच खूश नव्हता. दुसरी एखादी कल्पनाही याच सगळ्या घटना उलगडू शकेल, मग आपलीच खरी कशावरून, असे तो विचारी. प्रश्न रास्त होता, आणि त्याला जोर मिळाला तो बिदरमध्येच. २००४ मध्ये केमिकल जिऑलॉजी या नियतकालिकात बिदरच्या जांभ्याच्या उभ्या छेदातील लिथियमच्या समस्थानिकांचा अभ्यास आला. खालचा भाग बेसाल्टातूनच उपजलेला. वरच्या थरांत मात्र बेसाल्टाच्या हिशेबात न बसणारे काही सापडले, आणि त्याचा उलगडा वाऱ्याने आणून टाकलेल्या धुळीने होतो असे संशोधकांनी मांडले. ज्ञात कारणाचा वाटा वजा करा, जे उरेल ते दुसऱ्या कारणाचे: ही मिलची अवशेषपद्धती, जशीच्या तशी. बाहेरून आलेल्या मालाचा पक्ष दीडशे वर्षांनी मागच्या दाराने परत आला, फक्त पाण्याऐवजी वाऱ्यावरून आणि फक्त वरच्या थरापुरता.

अर्थात वजाबाकी करता आली, कारण कशातून वजा करायचे ते आधी ठरले होते, असे ह्यूएल म्हणेल. आणि धूळ हा शब्द उच्चारणे हीच पुन्हा एक कल्पना आहे, हेही तो जोडील. पण ती कल्पना किती जागा व्यापते हे समस्थानिकांच्या आकड्यांनी ठरले, हे त्याला नाकारता येणार नाही. पाचगणीच्या टेबललँडवर किंवा महाबळेश्वरच्या माथ्यावर बाहेरून आलेल्या धुळीचा वाटा किती, याचे उत्तर बिदरवरून उसने आणता येत नाही. तिथला छेद वेगळा खणावा लागेल आणि वजाबाकी नव्याने करावी लागेल.