वाटेवरचे बोलणे



एका रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात मी एका गृहस्थांना विचारले, "काय, बरे आहे ना?" ते म्हणाले, "हो, प्रभूची कृपा." मी गाडी काढून घरी आलो. पंधरा दिवसांनी कळले की, त्या वेळी त्यांची पत्नी दवाखान्यात होती. मी प्रश्न विचारला होता, पण उत्तर ऐकायला थांबलो नव्हतो.

आपण म्हणतो, 'माझे आणि देवाचे मी पाहून घेईन.' पण मनन एकट्यानेच करत राहिलो, तर पुष्कळदा आपलेच विचार आपल्याला देवाची वाणी वाटू लागतात.

संत लूकच्या शुभवर्तमानात (२४:१३-३५) अम्माऊसला निघालेले दोन खिन्न शिष्य आठवा. पुनरुत्थित प्रभूने त्यांना लगेच उपदेश केला नाही. 'कशाविषयी बोलत आहात?' असे विचारून आधी त्यांचे सारे दुःख ऐकले, मग शास्त्र उलगडले. भाकर मोडताना त्यांनी प्रभूला ओळखले. वाटेत आपले अंतःकरण पेटले होते, हे मात्र नंतर एकमेकांशी बोलताना त्यांच्या ध्यानात आले.

असाच एक प्रवास आपल्या नागपूरशी जोडलेला आहे. १८९३ मध्ये ना. वा. टिळक नागपूरहून रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. डब्यातल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्याशी आधी संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या आणि मग नवा करार हाती दिला. टिळकांनी वाचण्याचे वचन दिले व ते पाळले. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. डब्यात ठिणगी पडली, पण पुढे कित्येक महिने ती मननाने जपावी लागली.

संवादाविना मनन कोंडते आणि मननाविना संवाद ही नुसती बडबड ठरते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या सिनडमध्ये हीच रीत होती: प्रत्येकाने बोलावे, इतरांनी मध्येच न तोडता ऐकावे, मग काही वेळ शांत राहावे आणि ऐकलेल्यातले काय मनाला भिडले ते सांगावे.

'पण सांगितलेले चार घरी पोहोचले तर?' ही भीती खोटी नाही. विश्वासाने सांगितलेले दुःख चहाबरोबर वाटले, तर तो माणूस पुन्हा तोंड उघडणार नाही, कदाचित चर्चमध्येही येणार नाही. म्हणून ऐकलेले आपल्यापाशीच ठेवणे हाही प्रीतीच्या आज्ञेचाच भाग आहे.

या आठवड्यात एवढे करू या. एका संध्याकाळी टीव्ही बंद ठेवून घरात आजचे शुभवर्तमान वाचू, थोडा वेळ शांत बसू आणि लहानग्यांपासून आजीपर्यंत प्रत्येकाला बोलू देऊ. आणि आज मिस्सानंतर कुणाला 'बरे आहे ना?' असे विचारले, तर उत्तर येईपर्यंत थांबू.

अम्माऊसच्या वाटेवर सोबत चाललेला प्रभू आपल्यालाही ऐकणारे कान देवो. आमेन.