सीतामाईने हनुमंतालाही विचारलं

॥ श्रीराम समर्थ ॥

आजचं वाचन : वाल्मीकी रामायण, सुंदरकांड, सर्ग ३४ ते ३६



सुंदरकांड म्हटलं की आपण समुद्रावरच्या उड्डाणात आणि लंकादहनात रमतो. मधले हे तीन सर्ग बऱ्याचदा घाईत वाचले जातात. आज इथेच जरा बसू या. रोज फोनवर कुणीतरी नवं ‘मी अमुक बोलतोय’ म्हणत येतं अशा काळात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे सर्ग फार जवळचे आहेत.

प्रसंग आठवा. रावण नुकताच धमकी देऊन गेलाय, दोन महिन्यांची मुदत देऊन. भोवती राक्षसिणींचा पहारा. सीतामाई इतकी खचली आहे की स्वतःच्या वेणीने गळफास घ्यावा असा विचार तिच्या मनात येऊन गेलाय. अशा वेळी शिंशपेच्या झाडावरून कुणीतरी हळू आवाजात रामकथा सांगू लागतं. मग एक वानर खाली उतरतो, हात जोडतो, तुम्ही कोण म्हणून विचारतो, आणि मी रामाचा दूत आहे असं सांगतो.

इतके महिने ज्या एका शब्दाची ती वाट पाहत होती, तोच शब्द. आपण असतो तर धावत गेलो असतो.

पण वाल्मीकी सांगतात ते उलटंच. हनुमंत जसजसा जवळ सरकतो, तसतशी तिची शंका वाढत जाते. हा रावणच तर नसेल? जनस्थानात स्वतःचं रूप टाकून संन्यासी बनून आला होता, तोच पुन्हा मला छळायला आला असेल का? हे ती मनात ठेवत नाही, तोंडावर बोलून दाखवते. आणि समोर आहे कोण, तर साक्षात मारुतीराया.

हे नीट कळायला थोडं मागे, अरण्यकांडात जावं लागतं. पंचवटीत रावण आला तेव्हा त्याच्या अंगावर काय होतं ते वाल्मीकींनी बारकाईने सांगितलंय. स्वच्छ भगवं वस्त्र, शेंडी, छत्री, पायात पादुका, खांद्यावर दंड आणि कमंडलू. वर मुखाने वेदघोष. म्हणजे ‘प्रोफाइल’ अगदी पूर्ण! सीतेने आसन दिलं, पाय धुवायला पाणी दिलं. त्याने विचारलं, तू कोण? तेव्हा तिच्या मनात काय आलं तेही लिहिलंय : हा ब्राह्मण आहे, अतिथी आहे, उत्तर दिलं नाही तर शाप देईल. म्हणून तिने सगळं सांगितलं. वडील कोण, पती कोण, सासरी किती वर्षं काढली, वनवासाला निघताना दोघांची वयं काय होती, घरातलं भांडण काय झालं, पती आता कुठे गेलेत. हे सगळं सांगून झाल्यावर, शेवटी, तिने त्याचं नाव-गोत्र विचारलं.

आता तुमच्या फोनवर आलेला तो कॉल आठवा. ‘तुमचं केवायसी आज संपतंय, खातं बंद होईल.’ धाक आणि शिष्टाचार, दोन्हींचा वापर. समोरचा अधिकारी वाटतो, त्याला उलट विचारणं उद्धटपणाचं वाटतं. आणि आपण जन्मतारीख सांगून मोकळे होतो.

थोडं आधी मारीचाने काय केलं होतं? मरता मरता रामाच्या आवाजात सीतेला आणि लक्ष्मणाला हाक मारली. लक्ष्मण सांगत होता की हा दादाचा आवाज नाही, ही राक्षसाची माया आहे. पण आपल्या माणसाचा आवाज कानावर पडला की बुद्धी थांबते. आज कंप्युटरने आवाजाची हुबेहूब नक्कल करून ‘आई, मी अडकलोय, लगेच पैसे पाठव’ असे फोन येतात, तेव्हा मला मारीच आठवतो.

म्हणजे बघा, सीताहरणाच्या आधी दोन चोऱ्या झाल्या होत्या. एका संन्याशाची ओळख चोरली गेली आणि रामाचा आवाज चोरला गेला. हरण त्यानंतरचं. आजच्या कायद्यात याला नाव आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधलं कलम ६६-क. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळखीची खूण लबाडीने वापरली तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. तोतयेगिरी करून फसवलं तर ६६-ड.

आमच्या रविवारच्या उपासनेला येणारी एक मुलगी मध्ये दोन महिने दिसली नाही. नंतर कळलं. नोकरीच्या एका ‘ऑफर’साठी तिने आधार आणि पॅनचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले होते. नोकरी काही आली नाही. काही महिन्यांनी तिच्या बाबांना वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले, तिने कधीच न काढलेल्या कर्जासाठी. बाबांनी पहिला प्रश्न तिलाच विचारला, ‘तू कर्ज काढलंस का?’ पैशांपेक्षा तिला ते जास्त लागलं. त्यात कुणीतरी म्हणालंच, ‘एवढी शिकलेली, आणि एवढंही कळलं नाही?’

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही. ती नंतरच्या रामकथांमधून आली. मला कधीकधी वाटतं, ती रेषा आपल्याला इतकी आवडते कारण तिच्यामुळे दोष द्यायला सोपी जागा मिळते. ‘तिने रेषा ओलांडली’ म्हटलं की रावणाबद्दल फारसं बोलावं लागत नाही. वाल्मीकींची सीता अतिथीधर्म पाळत होती. तिच्या चांगुलपणाचाच फास केला गेला. फसलेल्या माणसाला पुन्हा फसलेपणाची शिक्षा देऊ नका. घरात कुणाच्या बाबतीत असं झालं असेल तर आधी जवळ बसा. तेवढा धीर असला तरच तो माणूस वेळेत तक्रार करतो, नाहीतर लपवत बसतो.

त्या मुलीचं प्रकरण अजून पूर्ण मिटलेलं नाही. पण ती परत येऊ लागली आहे.

आता अशोकवनात परत येऊ. सीता हनुमंताला विचारते काय? रामाशी तुझी भेट कुठे झाली? लक्ष्मणाला तू कसा ओळखतोस? वानर आणि माणसं एकत्र आली कशी? दोघा भावांच्या अंगावरच्या खुणा काय आहेत?

प्रश्नांची निवड पाहा. स्वतःचं नाव, कुळ तिने याआधीच्या सर्गात सांगून टाकलं होतं, ते लंकेत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तेवढी माहिती समोरच्याकडे असणं हा तिच्या लेखी पुरावाच नव्हता. आपण नेमके इथेच घसरतो. फोनवरच्या माणसाला आपलं नाव, वडिलांचं नाव, कार्डाचे शेवटचे चार अंक माहीत असले की ‘मग हा बँकेचाच’ असं वाटतं. अहो, ते कितीतरी ठिकाणी सांडलेलं असतं.

हनुमंत उत्तर देतो, आणि काय सुंदर देतो! रामाचं नखशिखांत वर्णन, सुग्रीवाशी सख्य, सगळं क्रमाने. त्यातच तो दागिन्यांचं सांगतो. रावण आकाशमार्गाने नेत असताना सीतेने पर्वतावर बसलेले पाच वानर पाहून उत्तरीयात बांधून दागिने खाली टाकले होते. घाईत असलेल्या रावणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. म्हणजे जी गोष्ट रावणाला ठाऊक असणं शक्यच नाही, ती या वानराला ठाऊक आहे. तिथे तिचं मन निवळतं. डोळ्यांतून आनंदाचे अश्रू येतात.

आणि अंगठी? ती त्यानंतर, ३६व्या सर्गात. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. रामनामाची मुद्रा हनुमंताकडे पहिल्यापासून होती. पण वस्तू चोरता येते. राक्षसाने रामाच्या बोटातून ती काढून आणली नाही कशावरून? आधी बोलण्यातून माणूस पटला, मग अंगठीने तो विश्वास पक्का केला. आपल्या आधारची झेरॉक्स ही अशी अंगठी आहे. ज्याच्या हातात पडेल तो ती दाखवू शकतो.

आता आणखी एक. हनुमंताला राग आला का? ‘शंभर योजनं समुद्र ओलांडून आलो, आणि मलाच रावण म्हणता?’ असं एक अक्षर नाही. तो हात जोडून उभा राहतो आणि विचारलेलं सगळं सांगतो. घाई नाही, धमकी नाही. मुळात घाई करायला खरं कारण होतं, कुणी पाहिलं असतं तर सगळंच संपलं असतं, तरीही. फोनवरच्या माणसाला ‘मी फोन ठेवतो आणि बँकेच्या नंबरवर स्वतः फोन करतो’ असं सांगून बघा. जो चिडेल, ‘लाइन कट करू नका’ म्हणेल, ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालेल, त्याने स्वतःची ओळख सांगितलीच की! अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच.

‘पण संशय घेणं भक्ताला शोभतं का?’ असं काही जण विचारतील. गीतेत संशयी माणसाबद्दल कडक बोललंय हे खरं. पण तो संशय कुठल्याच उत्तराने न शमणारा आहे. सीतेचा तसा नाही. तिला तर मनापासून हवं होतं की हा रामाचाच दूत निघावा. तिने विचारलं, उत्तर मिळालं, आणि तिने विश्वास ठेवला. काही वेदांती मित्र याहून पुढचं विचारतात, ‘नामरूपच मिथ्या, मग आधार नंबर कशाला जपायचा?’ बरोबर आहे. पण तुझ्या नामरूपावर निघालेलं कर्ज वसूल करायला जो येईल तो वेदांती नसेल, आणि दार उघडायला तुझी आई जाईल. शिवाय तुझ्या नावाच्या सिमवरून उद्या दुसऱ्याच कुणाच्या म्हाताऱ्या वडिलांना लुटलं तर? आपलं नाव जपणं हे त्यांच्यासाठीही आहे.

म्हणून थोडं व्यवहाराचं, उपासनेइतकंच मनावर घ्या. जिथे चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर कारण आणि तारीख लिहा. बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते दिसतं, घरच्यांचंही एकदा पाहून द्या. क्रेडिट रिपोर्ट प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, न काढलेलं कर्ज तिथेच सापडतं. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल आली तर ती उघडू नका. आणि यात्रेचं बुकिंग करताना विशेष जपा. केदारनाथच्या हेलिकॉप्टरच्या नावाने खोटी संकेतस्थळं निघाली आहेत, भक्ताची ओढ ओळखूनच ती बनवलेली असतात. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३०. संध्याकाळपर्यंत विचार करत बसू नका.

३८व्या सर्गात सीता रामाला खूण म्हणून एक गोष्ट पाठवते, चित्रकूटावरच्या कावळ्याची, जी फक्त त्या दोघांनाच ठाऊक होती. तुमच्या घरातही अशी एक ‘कावळ्याची गोष्ट’ ठरवून ठेवा. आईला सांगून ठेवा की माझ्या आवाजात कुणी पैसे मागितले तर आधी ती विचार. फॅमिली ग्रुपवर मात्र ती टाकू नका बरं!

उद्या ३७वा सर्ग. हनुमंत म्हणतो, माझ्या पाठीवर बसा, आत्ताच रामाकडे नेतो. एवढा विश्वास बसल्यावरही सीतामाई नाही म्हणते. का, ते तिने स्वतःच सांगितलंय. वाचून या.