सोडवून आणणे

वऱ्हाडात ‘सोडवणे’ म्हटले की आधी सोने आठवते, मग शेत. मृगाच्या तोंडावर बी-बियाण्यासाठी घरातली पोत सावकाराकडे जाते आणि कापूस विकला की ती सोडवून आणतात. तिला ‘पुन्हा विकत घेतली’ असे कुणी म्हणत नाही. पोत गहाण असतानाही घरचीच होती; मुद्दल-व्याज भरून तिच्यावरचा दुसऱ्याचा ताबा तेवढा उठवायचा असतो. गहाण ठेवणाऱ्याचा हा हक्क मान्य असेपर्यंतच या क्रियापदाला अर्थ आहे.

खुद्द वऱ्हाड प्रांतही असाच अडकला होता. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतल्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेचा खर्च निजामावर होता. तो थकत गेला आणि १८५३ च्या तहाने निजामाचे वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेले. १८६० मध्ये सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, रायचूर आणि नळदुर्गाकडचा मुलूख परत मिळाला, पण फौजेच्या खर्चासाठी म्हणून वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिले. कर्ज मिटले तरी गहाण सुटले नाही! पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, रेल्वे आली, अमरावती-अकोल्याच्या बाजारात पैसा खेळू लागला. तारणाची किंमत अशी वाढली की सावकाराला परतफेड नकोशी होते. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी १८७० च्या दशकात प्रांत सोडवण्याची खटपट केली, १८७६ मध्ये ते इंग्लंडलाही गेले. उपयोग झाला नाही. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाड कायमचे पट्ट्याने घेतले. मालकी निजामाच्या नावावर राहिली, सोडवण्याची वाट मात्र बंद झाली.

वऱ्हाड निजामाकडे परत जायला हवे होते, असे मला म्हणायचे नाही. पोतीला मत नसते. या मुलखात माणसे राहत होती आणि त्यांना या साऱ्या व्यवहारात कुणीच काही विचारले नाही.

त्यांच्या शेतांवरही तीच पाळी आली. पापळचे पंजाबराव देशमुख मध्यप्रांत-वऱ्हाडात मंत्री असताना १९३३ मध्ये कर्ज लवादाचा कायदा झाला. त्यामागे शेत सावकाराच्या घशात जाऊ नये हीच तळमळ होती. पण कायद्याने गहाण ठेवणाऱ्याला हक्क दिला की तो टाळणारा कागद निघतो. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून घ्यायचे आणि ‘पैसे आणून दे, शेत परत लिहून देतो’ हे तोंडी सांगायचे. एका शब्दाच्या फरकाने शेत सोडवण्याचे उरत नाही, सावकाराच्या मर्जीने मागण्याचे होते. मला ही साधी फसवणूक वाटत नाही. माणसाचा परत येण्याचा रस्ताच इथे मोडला जातो.

महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात कलम १८ आहे. सावकारीतून जमीन बळकावल्याचे चौकशीत दिसले, तर जिल्हा निबंधक ते खरेदीखत रद्द ठरवून ताबा परत देऊ शकतो. सरकारी कागदातली खरेदी मुळात गहाण होती, हे कायदा ऐकून घेतो, ही फार मोठी गोष्ट आहे. पण चौकशीत शेतकऱ्याकडे दाखवायला काय असते? व्याज रोखीने हातात दिलेले, पावती नाही, चिठ्ठी नाही. सावकाराकडे मात्र त्याच शेतकऱ्याच्या सहीचे, नोंदणी झालेले खरेदीखत असते.