इंजिन पाहिलंस का?

तुझे फोटो पाहिले. ग्रॅनाइटचा ओटा, चामड्याचे सोफे, विजेची शेकोटी. इंजिनचा एकही नाही! माझ्या हाताखाली डिझेल इंजिन शिकलास, आणि तिकडे फिनिक्सला वीस वर्षं जुनी चाळीस फुटी मोटरहोम घ्यायला निघालास ती पडद्यांचा रंग बघून? लाज वाटायला हवी.

वर कौतुकाने सांगतोस, '2005 ची आहे सर, आणि फक्त 38 हजार मैल चाललीय.' अरे, म्हणजे उरलेला सगळा काळ ती ॲरिझोनाच्या उन्हात उभी होती. उभ्या गाडीचे सील आणि रबरी नळ्या कडक होतात. टाकीत पाणी साठलं की डिझेलमध्ये बुळबुळीत चिकटा धरतो आणि फिल्टर चोंदतो. गाडी चाललीच नाही, मग तेल कशाला बदला, असा पुष्कळ मालकांचा हिशेब असतो. तेल आणि कूलंट मैलांवर बदलतात तसे वर्षांवरही बदलायचे असतात, हे तुला नव्याने शिकवू?

त्यात इंजिन कॅटरपिलर सी7. इंजिन वाईट नाही. पण त्यात इंजेक्टर चालतात ते इंजिनच्याच तेलावर, वेगळ्या पंपाने प्रचंड दाब दिलेल्या. तेलाची हेळसांड झाली की बेअरिंगबरोबर इंजेक्टरही भोगतात. 'कॅट आहे, दहा लाख मैल जाईल' असं विक्रेता म्हणाला आणि तू मान डोलावलीस! नावावर भुलू नकोस. कमिन्सचं नाव काय लहान आहे? तरी 1999 ते 2001 च्या सुमाराच्या त्यांच्या 5.9 लिटर इंजिनांत, ज्या ब्लॉकवर 53 हा आकडा ओतलेला आहे, त्यातले कित्येक कुशीला तडकले आणि कूलंट गळू लागलं.

रेडिएटर मागे की बाजूला, हेही तुला सांगता आलं नाही. मागे असेल तर नीट ऐक. इंजिनच्या ब्रीदर नळीतून तेलाची वाफ येते, पंखा ती रेडिएटरच्या बाजूला फेकतो, तेलावर धूळ बसते आणि पत्र्यांमध्ये काळा लेप तयार होतो. तो आतल्या अंगाला. मागचं दार उघडून पाहशील तर सगळं स्वच्छ दिसेल. पलंगाखालचं झाकण काढ, टॉर्च घे आणि पंख्याच्या बाजूने बघ. सपाटीवर अशी गाडी गुमान चालते. उन्हाळ्यात फ्लॅगस्टाफचा चढ लागला की तापमानाचा काटा चढतो, आणि मग तुम्ही दोघं भर हायवेच्या कडेला.

तू गेलास तेव्हा इंजिन आधीच गरम होतं, आणि तेल 'कालच बदललंय' म्हणे. तुला काहीच खटकलं नाही? गरम इंजिन सकाळचा धूर दाखवत नाही, आणि कालच्या तेलाच्या नमुन्यात प्रयोगशाळेला काही सापडत नाही. जुन्या तेलात सोडियम-पोटॅशियम वाढलं तर कूलंट आत शिरतंय, सिलिकॉन वाढलं तर धूळ, एवढं बोलतं ते तेल.

शनिवारी बयाणा देणार आहेस. देऊ नकोस. निवृत्तीची पुंजी आहे ती, तुझी एकट्याची नाही. सर्व्हिसच्या पावत्या माग, जुन्या तेलाचे अहवाल माग. इंजिन सुरू करू नका असं आदल्या रात्री कळव, सकाळी ब्लॉकला हात लावून बघ, गार असेल तरच किल्ली फिरव. सोबत स्वतःच्या पैशाने डिझेलचा मेकॅनिक ने, विक्रेत्याने सुचवलेला नको. मालक कां कूं करायला लागला तर तिथूनच मागे फिर आणि मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.