वेल उपटला, आता माती कोणी उकरायची?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. गुरुवारची आरती झाली आणि मी तीर्थप्रसाद घेऊन मंदिराच्या पायरीवर टेकलो होतो. आमच्या चारकोपमधल्याच एक ताई शेजारी येऊन बसल्या. प्रसादाचा द्रोण हातात तसाच होता. म्हणाल्या, "काका, बावीस वर्षं गुरुवार करतेय, एक चुकवला नाही. मुलाची कंपनी बंद पडली, सात महिने झाले, घरी बसलाय. महाराजांना हे दिसत नाही का हो?"

"महाराज बघतील सगळं," हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी ते गिळलं. कारण हेच वाक्य मी लहानपणी आमच्या घरात ऐकलं होतं, आणि त्यावर माझ्या आईनं दिलेलं उत्तरही ऐकलं होतं. ते उत्तर आज तुम्हांला सांगायचं आहे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. मी तेव्हा आठवीत होतो. आम्ही परळच्या चाळीत राहायचो, वडील गिरणीत साचेखात्यात होते. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल असं सगळे म्हणत होते. गणपती आले नि गेले, दिवाळी आली नि गेली, भोंगा काही वाजला नाही. वाण्याच्या वहीत आमचं पान भरलं, दुसरं सुरू झालं.

वडील पक्के दत्तभक्त. त्यांनी गुरुचरित्राचा सप्ताह धरला. एक संपला की चार दिवसांनी दुसरा. सोवळ्यात दिवसभर पोथीपुढे बसायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "महाराज बघतील." तिसऱ्या सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी अठरावा अध्याय आला. आई दाराशी तांदूळ निवडत ऐकत होती.

हा अध्याय तुम्हां सर्वांना पाठ आहे. अमरापूरचा तो गरीब ब्राह्मण. भिक्षेला कोरान्न मिळालं नाही तर दारातल्या घेवड्याच्या शेंगांवर त्याच्या घरचं भागायचं. श्रीनृसिंहसरस्वती स्वामी भिक्षेला आले, तेव्हा घरात दुसरं काही नव्हतं. त्या माउलीनं घेवड्याचीच भाजी वाढली. स्वामी तृप्त झाले, आणि जाताना त्यांनी तो वेलच उपटून टाकला! बायको रडायला लागली. ब्राह्मणानं तिची समजूत घातली. मग तो वेलाचं मूळ काढायला बसला, माती उकरू लागला, आणि द्रव्यानं भरलेला हंडा हाती लागला.

वडिलांनी अध्याय संपवून पोथीला नमस्कार केला. आई तांदळातून मान वर न करता म्हणाली, "अहो, आपलाही वेल महाराजांनी उपटलाय. पण आता माती कोणी उकरायची?"

वडील काही बोलले नाहीत. तो सप्ताह त्यांनी रीतसर पुरा केला, उद्यापन केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पूजा आटोपून चपला घातल्या आणि बाहेर पडले. बरेच दिवस हिंडून कांदिवलीच्या औद्योगिक वसाहतीत नाडी विणायच्या एका लहानशा कारखान्यात लागले. पगार निम्म्याहून कमी. ज्या माणसानं गिरणीत साचे चालवले, त्यानं परकराच्या नाड्या विणायच्या! त्यांना लाज वाटायची, हे मला आता कळतं. आईनं पहाटे चारला उठून ऑफिसवाल्यांना पोळ्या करून द्यायला सुरुवात केली. पोथी बंद झाली नाही. एक अध्याय रोज, पण कामावर जाण्याआधी.

काही वर्षांनी चारकोपमध्ये म्हाडाचा छोटा प्लॉट मिळाला. जागतिक बँकेच्या मदतीची ती योजना जुन्या चारकोपकरांना आठवत असेल. खाडीकडेची दलदलीची जमीन भरून सरकारनं प्लॉट पाडले, रस्ता दिला, पाणी दिलं, गटारं दिली. घर मात्र ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचं. आधी पत्रे, मग विटा, पुढे जमेल तेव्हा स्लॅब. आईच्या पाटल्या त्या विटांत गेल्या. वडील म्हणायचे, "भक्तीचंही असंच आहे बघ. जमीन आणि पाणी त्याचं. भिंती आपल्या."

गुरुचरित्रात शोधाल तर हेच पुन्हा दिसेल. चाळिसाव्या अध्यायात कुष्ठानं पिडलेला नरहरी गाणगापूरला येतो. स्वामी त्याला औदुंबराचं वाळलेलं लाकूड देतात, म्हणतात, संगमाकाठी रोव आणि रोज पाणी घाल. लोक हसतात, वाळक्या लाकडाला कधी पालवी फुटते का? नरहरी आपला पाणी घालत राहतो. शेवटी स्वामी कमंडलूतलं तीर्थ शिंपडतात, तेव्हा पालवी फुटते आणि त्याची कायाही शुद्ध होते. पालवी फोडणं नरहरीच्या हातात नव्हतं. पाणी घालणं होतं. महाराजांना एका शब्दात त्याला बरं करता आलं नसतं का? पण त्यांनी आधी त्याच्या हाती घागर दिली.

आता एक अवघड गोष्ट. माती उकरली की हंडा लागतोच का? नाही, भक्तहो. माझ्या वडिलांना काही हंडा लागला नाही. ती नाडी विणतच ते म्हातारे झाले. आमच्या चाळीतले एक काका वडिलांइतकेच कष्टाळू, वडिलांइतकेच भाविक. त्यांनी भाजीची गाडी लावली, रात्रपाळीची वॉचमनगिरी केली, तरी कर्ज फिटलं नाही. गावी परतले आणि तिथेच खचून गेले. त्यांची भक्ती कमी पडली असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. कृपा करून असं कोणाला म्हणू नका. दुःखात बसलेल्या माणसाच्या सेवेचा हिशेब मांडायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

मग श्रद्धेचा उपयोग काय? अठरावा अध्याय पुन्हा वाचा. आपली नजर हंड्यावर जाते, पण त्याच्या आधी काय घडलं ते बघा. वेल उपटलेला आहे, उद्या खायचं काय याचा पत्ता नाही. तेवढ्या वेळात त्या ब्राह्मणानं दोन कामं केली. स्वामींना दोष न देता बायकोला धीर दिला, आणि रडत न बसता आवराआवरीला लागला. हंडा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तो सोन्यासाठी खणत नव्हता, समोर पडलेलं काम करत होता. वेल गेल्यानंतर आणि हंडा दिसण्याआधी जो काळ जातो, तीच श्रद्धेची जागा. हंडा सापडल्यावर सगळेच भाविक!

आणि आणखी एक. आमच्या वाण्यानं त्या वर्षी एकदाही वही मिटली नाही. माझ्या दृष्टीनं महाराज त्या दुकानात बसले होते. आपलं काम म्हणजे फक्त आपल्या घरापुरतं नव्हे. दुसऱ्याचा वेल उपटला गेला की त्याच्याबरोबर माती उकरायला बसणं, हीसुद्धा दत्तसेवाच.

त्या ताईंना मी पायरीवर हे सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याला उद्या घेऊन येऊ का?" पोरगा आला. आरतीला येणाऱ्या एका दुकानदारानं त्याला हिशेब लिहायला ठेवून घेतलं. मनासारखी नोकरी अजून नाही, अर्ज चालू आहेत. पण सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून तो घराबाहेर पडतो.

यंदाच्या दत्तजयंतीच्या सप्ताहात दुसऱ्या दिवशी तुमच्याही वाचनात अठरावा अध्याय येईल. पोथी मिटल्यावर क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, माझ्या अंगणात उकरायची राहिलेली माती कुठली? आणि शेजारच्या अंगणात?

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥