कोणाच्या दारासमोर?

उर्वरित महाराष्ट्रात सरकारी झेंडावंदन वर्षातून तीनदा होतं, मराठवाड्यात चारदा. १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, सकाळी वसमत तालुक्यातल्या आपल्या कुरुंद्यातही तिरंगा चढतो. ज्या झेंड्यामुळे हा चौथा दिवस आपल्या वाट्याला आला, तो मात्र आता पाहायला मिळत नाही. पिवळ्या कापडावर मधोमध पांढरा गोल, असा तो हैदराबादच्या निजामांचा आसफजाही झेंडा. तो गोल म्हणजे कुलचा. पहिल्या निजामाला एका सुफी संताने कुलचे खाऊ घातले आणि जितके खाल्लेस तितक्या पिढ्या तुझं राज्य चालेल असा आशीर्वाद दिला, अशी आख्यायिका आहे.

निशाणावर भाकरी होती, पण त्या निशाणाखाली पुढे काय घडलं हे वसमत तालुक्याला कुणी सांगायला नको. हैदराबाद संस्थानात तिरंगा फडकवायला बंदी होती. १९४७ च्या १५ ऑगस्टला निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ अटकेत गेले. लातूरचा वकील कासीम रझवी हाच पिवळा झेंडा दिल्लीच्या लाल किल्ल्यावर लावायची भाषा करत होता आणि त्याच्या संघटनेचे सशस्त्र रझाकार गावं लुटत, जाळत फिरत होते. वसमतच्या महाविद्यालयाला बहिर्जी शिंदे या हुतात्म्याचं नाव आहे, ते याच लढ्यामुळे.

आता समजा, आज कुणी तो झेंडा बाहेर काढला. त्याच्या मनात द्वेष आहे, असं लगेच म्हणायचं का?

जुनी नाणी जमवणाऱ्याने तो उस्मानिया सिक्क्यांशेजारी काचेत ठेवला, तर तो इतिहास आहे. पण १७ सप्टेंबरलाच, ज्या घरातला माणूस रझाकारांनी मारला त्या घरासमोरून कुणी तो नाचवत नेला, तर मनात काय आहे हे वेगळं विचारावं लागत नाही. कापड तेच, पण दिवस, जागा आणि समोरचं दार बदललं की त्याचा अर्थ बदलतो. आपल्या उंबरठ्यावरचं दिवाळीचं स्वस्तिक लक्ष्मीच्या स्वागताचं असतं, पण युरोपात ज्यांची माणसं हिटलरच्या छळछावण्यांत गेली, त्यांना त्या आकृतीत दुसरंच दिसतं. ‘आमच्या मनात तसं काही नव्हतं’ हे उत्तर खरं असलं तरी पुरेसं नसतं. शेजाऱ्याची जखम माहीत असताना झेंडा उभारणाऱ्याने आधी तिचा विचार करायला हवा.

पाहणाऱ्यावरही तितकीच जबाबदारी आहे. आसफजाही झेंड्याला मुजरा करणाऱ्यांत हिंदू देशमुख आणि जहागीरदारही होते. उलट, भारतात सामील व्हावं असं लिहिणाऱ्या ‘इमरोज’ या वृत्तपत्राच्या संपादकाला, शोएबुल्ला खान यांना, रझाकारांनी २२ ऑगस्ट १९४८ रोजी ठार केलं. तरीही सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याने संस्थान ताब्यात घेतल्यावर, म्हणजे पोलीस कारवाईनंतर, सूड घेताना धर्म हीच खूण मानली गेली. ज्यांनी कधी रझाकारांचा गणवेश घातला नव्हता अशी हजारो मुसलमान माणसं मारली गेली. चौकशीसाठी आलेल्या सुंदरलाल समितीने हा आकडा किमान २७ ते ४० हजार धरला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या शेजारचं नांदेड होतं. खुद्द निजाम मात्र १९५० पासून १९५६ पर्यंत राजप्रमुख म्हणून तिरंग्याखाली मानाने बसला. हातात झेंडा नसलेल्यांनी झेंड्याची शिक्षा भोगली.

ही चूक जुनी झालेली नाही. २०२३ च्या जूनमध्ये, ऐन शिवराज्याभिषेक दिनाच्या सुमारास, कोल्हापुरात काही जणांनी मोबाइलवर आक्षेपार्ह स्टेटस ठेवले. दिवस निवडण्यातच खोडी होती, असं कुणी म्हटलं तर ते नाकारता येणार नाही. पण त्यानंतर दगड पडले ते ज्यांचा त्या स्टेटसशी काही संबंध नव्हता अशांच्या दुकानांवर.

विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या आडनावात आपलं कुरुंदा हेच गाव आहे. त्यांनी ‘श्रीमान योगी’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत शिवाजी महाराजांकडेही नुसतं हात जोडून पाहिलं नाही, पुरावे मांडले, प्रश्न विचारले आणि त्यातूनच महाराजांचं मोठेपण दाखवलं. झेंड्यांकडेही असंच पाहायला हवं. उभारणाऱ्याला विचारावं: आजच का, इथेच का, कोणाच्या दारासमोर? आणि हात उचलण्याआधी स्वतःला विचारावं: ज्याला मी दोषी धरतोय, त्याच्या हातात हा झेंडा मी खरंच पाहिला का? पहिला प्रश्न टाळला तर द्वेष मोकाट सुटतो. दुसरा टाळला तर आपणच त्याचे वाहक होतो.